गॅल्व्हनाइज्ड बोट ट्रेलरला कोणता रंग टिकेल?

प्रश्न: गंगापूर धरणावर आमची १६ फुटी फायबरची बोट असते. ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. दोन वर्षांपूर्वी साधा ऑइल पेंट मारून घेतला. आता नखाने उचकटला तरी पापुद्रा निघतो, खाली पांढरी भुकटी. दिवाळीनंतर दापोलीला समुद्रात न्यायचाय. काय लावू?

उत्तर १: दादा, ऑइल पेंट जस्तावर टिकतच नाही. त्यातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन साबणासारखा थर धरतो, म्हणून पापुद्रे. सगळा खरवडा, पण ग्राइंडर लावू नका, जस्तच निघून जाईल. नायलॉनचा ब्रश, डिटर्जंट, भरपूर पाणी. लोखंड उघडं पडलंय तिथे झिंक-रिच पेंट, म्हणजे जस्ताची पूड भरपूर असलेला. मग गॅल्व्हनाइज्डला चालणारा इपॉक्सी प्रायमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर), वर पॉलियुरेथेन रंग.

उत्तर २: धरणाच्या गोड्या पाण्यासाठी रंगाची गरजच नाही हो, जस्त पुरेसं आहे. खरी काळजी खाऱ्या पाण्याची. समुद्रातून काढल्याबरोबर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, आणि ट्रेलरच्या सांगाड्याचे पाइप पोकळ असतात, त्यांच्या तोंडात होजपाइप घालून आतूनही. माझा आडवा पाइप बाहेरून चकचकीत होता. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. स्प्रिंगच्या पाट्यांमध्येही मीठ अडकतं, तिथे विसरू नका.

प्रश्नकर्ता: आत्ताच टॉर्च घेऊन बघितलं. मागच्या पाइपच्या तोंडाशी तांबूस डाग आहे. रविवारी आधी तोच धुतो.