'ग्रीनहाऊस' आणि 'ग्रीन हाऊस': जोर कुठे द्यायचा?

प्रश्न: इंग्रजी जोडशब्दांत आघात कुठे येतो? मी 'ब्लॅकबोर्ड'चे दोन्ही भाग सारख्याच जोराने म्हणते. आणि मेंढपाळाला 'शेफर्ड' म्हणायचं की 'शेपर्ड'?

उत्तर: विशेषण आणि नाम मिळून एका विशिष्ट वस्तूचं नाव झालं, की जोर सहसा पहिल्या भागावर जातो. रोपं वाढवायच्या काचघराला 'ग्रीनहाऊस' म्हणताना 'ग्रीन' ठसठशीत येतं. नुसतं हिरवा रंग दिलेलं घर असेल, तर 'हाऊस' उठून दिसतं. शब्द जोडून लिहिलाय की तोडून, यावर मात्र विसंबू नका. वॉशिंग्टनचं 'व्हाइट हाऊस' तोडून लिहितात, तरी जोर 'व्हाइट'वरच. 'इंग्लिश टीचर'मध्ये 'इंग्लिश'वर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारा, 'टीचर'वर दिला तर इंग्लंडचा शिक्षक.

मराठीत आघात हलवून शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवयच नसते. त्यात नियमालाही अपवाद बरेच. 'ॲपल केक'मध्ये जोर 'ॲपल'वर, 'ॲपल पाय'मध्ये 'पाय'वर. लंडनच्या 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'मध्ये तो 'ऑक्स'वर, पण 'एजवेअर रोड' आणि 'पार्क लेन'मध्ये शेवटच्या शब्दावर. असे शब्द ऐकून पाठ करणंच बरं.

आता 'शेपर्ड'. हा शब्द 'शीप' आणि 'हर्ड' म्हणजे राखणारा यांचा जोड आहे. 'प' पहिल्या भागाचा, 'ह' दुसऱ्याचा, त्यामुळे 'फ' होण्याचा प्रश्नच नाही. 'लूपहोल'ला आपण 'लूफोल' म्हणतो का? दुसऱ्या भागावर आघात नसल्याने 'शेपर्ड'मधला 'ह' गळाला. 'कप' आणि 'बोर्ड'चं 'कबर्ड' झालं तेही असंच: आघात नसलेला 'बोर्ड' आखडला, 'प' तर पार गेला.

अक्षरं कुठे तुटतात हे 'नाइट्रेट' आणि 'नाइट रेट' पाठोपाठ म्हणून बघा. पहिल्यात 'ट' आणि 'र' एकत्र येतात, 'ट'ला थोडी 'च'ची छटा येते. दुसऱ्यात 'ट'वर जीभ अडते, मग 'र' सुरू होतो.

प्रश्न: मग 'लाइटहाऊस कीपर'सारखे तीन भाग असले तर?

उत्तर: दीपगृहाचा राखणदार असेल तर सर्वांत मोठा जोर 'लाइट'वर, त्याहून कमी 'कीपर'वर, आणि 'हाऊस' सर्वांत हलकं. किरकोळ अंगकाठीची, घर सांभाळणारी बाई म्हणायची असेल तर मुख्य जोर 'हाऊस'वर. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या कोशांत उच्चारात वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. ती ज्या अक्षराच्या आधी असेल, त्यावर मुख्य आघात. खालच्या बाजूला असेल तर दुय्यम.