विचारपूस, वास्तपुस्त की समाचार?

एका माहितीपत्रकाचं मराठी तपासतोय. त्यात वाक्य आहे : 'मित्र व कुटुंबीयांच्या भावनिक स्थितीची नियमित तपासणी करा.' तपासणी वह्यांची होते, तब्येतीची होते. 'चौकशी' लिहावं तर चौकशी समिती डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

▪ 'विचारपूस'. यातलं 'पूस' म्हणजे पुसणे, विचारणे. संस्कृत 'पृच्छ्'वरून आलेलं. डोळे पुसणे मधला 'पुसणे' वेगळा, पण इथे तोही चालून जाईल!

▪ 'वास्तपुस्त' पण आहे. मात्र तो बहुधा तक्रारीतच भेटतो : 'महिना झाला, कुणी साधी वास्तपुस्त केली नाही.' सल्ल्याच्या वाक्यात जरा अवघडतो.

▪ 'समाचार घ्या' मात्र लिहू नका. आजाऱ्याच्या समाचाराला जाणं वेगळं आणि एखाद्याचा चांगला समाचार घेणं वेगळं. मित्र आधीच खचलेला, त्यात आपण त्याचा समाचार घ्यायचा!

▪ 'हालहवाल' हिंदी वळणाचा वाटतो. मराठीत आलेल्या 'हाल'चे फार हाल झालेत, मूळ अर्थ नुसता 'स्थिती' असूनही. अहवाल हे त्याच 'हाल'चं अरबी अनेकवचन, तो कचेरीत जाऊन बसला.

▪ माझं मत विचारपूसलाच. पण खरी मेख शब्दात नाही, प्रश्नात आहे. पत्रकात नमुन्याचे प्रश्न असतील तर तेही बघा. 'बरा आहेस ना?' यातला 'ना' उत्तर आधीच ठरवून टाकतो. समोरचा 'हो' म्हणून मोकळा होतो. 'कसं चाललंय?' विचारलं की माणूस नोकरीबद्दल बोलतो. 'तुला काय झालंय?' यात तर आरोपच ऐकू येतो. त्यापेक्षा 'झोप लागते का रे?', 'हल्ली कशात मन लागतं का?' हे बरे. आणि फोन केल्यावर 'तुझी विचारपूस करायला केला' असं कुणी म्हणत नाही. आपण 'सहज केला' म्हणतो. विचारपूस हा शब्द तिसऱ्याला सांगताना वापरायचा.

▪ जुन्या पत्रांचा मायना आठवला : 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असले पाहिजे.' आधी आपलं सांगायचं, मग त्यांचं विचारायचं. 'माझेही दिवस जरा ओढाताणीचेच चाललेत, तुझं काय?' असं विचारलं तर उलटतपासणी वाटत नाही.

▪ 'भावनिक स्थिती' काढाच. 'मनाची' म्हणा, फार तर. आणि 'नियमित' म्हटलं की औषधाच्या गोळ्या आठवतात.

धन्यवाद. असं करतोय : 'आपल्या माणसांची अधूनमधून आस्थेने विचारपूस करा.' नमुन्याच्या प्रश्नांत 'बरा आहेस ना?' होताच, पहिल्याच क्रमांकावर. तो काढून झोपेचा घातला.

▪ 'रे' काढा, पत्रक सगळ्यांसाठी आहे.