कार्ड नंतर, आधी पॉवर सप्लायचं स्टिकर

बी-२०३ काका: मंडळी, सल्ला पाहिजे. पोराचा गेमिंगचा कॉम्प्युटर २०१७ सालचा. प्रोसेसर आय-५ ७४००, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय. नवे गेम अडकत चालतात. दुकानदार म्हणतो, अख्खा सेट बदला. पॉलिटेक्निकची फीपण आत्ताच भरलीय. नुसतं कार्ड बदलून भागेल का?

सी-१०४ नाना: गेम कायले पाहिजे भो?

बी-२०३ काका: नाना, व्हिडिओ एडिटिंगपण त्यावरच करतो. आपल्या गणपतीचा व्हिडिओ त्यानेच केला ना!

ए-४०१: काका, भागेल. फक्त घाई करू नका. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडायला सांगा. कार्ड ९५-१०० टक्क्यांवर असेल तर बदलून फरक पडेल. प्रोसेसरच १०० ला टेकला असेल तर कितीही महागाचं आणा, चार कोअरचा प्रोसेसर त्याला पुरा पडणार नाही.

बी-२०३ काका: कार्ड ९९, प्रोसेसर ७० च्या आसपास. रॅम १६ जीबी.

ए-४०१: म्हणजे कार्डच थकलंय. ते मॉडेल २०१६ चं, मेमरी ४ जीबी. त्या पिढीला नव्या गेमचे ड्रायव्हर देणंही कंपनीने २०२५ मध्ये थांबवलं.

दोन कार्डं बघा. एक आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅट. दुसरं आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालंच मागा. ते ७० वॅटचं, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं. ८ जीबीवालं ३०५० वेगळं, ते जास्त खातं.

त्याआधी पॉवर सप्लायच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, स्टिकरचा फोटो टाका.

बी-२०३ काका: 📷 फोटो

ए-४०१: हेच बघायचं होतं. वर ठळक ४५० वॅट छापलंय. आता खालचं बारीक कोष्टक बघा, १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांची भिस्त याच लाइनवर. ६६०० चे १३२, प्रोसेसरचे ६५, झाले १९७. पंखे, हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. त्यात कार्ड मधूनच क्षणभर उसळी मारतं.

मी हे भोगलंय काका. कॅबिनेटसोबत आलेल्या पॉवर सप्लायवर मोठं कार्ड लावलं होतं. मे महिना, बाहेर ४५. तीन दिवस मस्त चाललं. चौथ्या दिवशी दुपारी टक्क आवाज आला आणि खोलीभर जळका वास. मदरबोर्ड गेला, कार्डही गेलं. वर्षभर पैसे साठवून घेतलेलं कार्ड होतं ते.

बी-३०१ ताई: दादा, आमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो चालतो का?

ए-४०१: ताई, ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. लाइट गेल्यावर सेव्ह करून बंद करण्यापुरता ठीक. त्यावर खेळत बसायचं नाही.

सी-१०४ नाना: आन तो कॉम्प्युटरना डबा कूलरसमोर ठेवेल शे का? मन्हा नातूनी तसंच करेल व्हतं, मझार बठ्ठं पांढरं जमनं.

ए-४०१: नाना लाख मोलाचं बोलले. आपलं बोरचं पाणी जड. कूलरच्या वाऱ्यातून त्याचे बारीक कण येतात, वाळले की क्षार पंख्यावर बसतो, वर धूळ चिकटते. मग ब्लोअर मारूनही ती निघत नाही. डबा कूलरच्या झोतातून आजच हलवा.

बी-२०३ काका: मग यातलं घेऊ कोणतं?

ए-४०१: हात आखडता असेल तर ३०५०. तुमचं आताचं कार्ड ७५ वॅटचं आहे, म्हणजे जुन्या पॉवर सप्लायवर बोजा वाढत नाही. पण मला विचाराल तर दोन महिने थांबा, आधी चांगला ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या, मग ६६००. उद्या अख्खा कॉम्प्युटर बदलला तरी तो पॉवर सप्लाय नव्यात कामाला येईल.

रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, डबा वर आणा. ब्लोअर आणि टेप काढून ठेवतो, आत किती लांबीचं कार्ड बसतं तेही मोजू. तोवर ऑर्डर टाकू नका.

बी-२०३ काका: चालेल. पोरगं तर आत्ताच स्क्रू खोलायला बसलंय.

ए-४०१: त्याला सांगा, आधी भिंतीतली पिन काढ!