मदत हवी आहे : आदर्शवाद–सापेक्षतावाद प्रश्नावलीचे गुणांकन

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी परिचारिका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनींची नैतिक भूमिका अभ्यासत असून, त्यासाठी मानसशास्त्रज्ञ डॉनेल्सन फॉर्सिथ यांची १९८० सालची प्रश्नावली मराठीत करून भरून घेतली आहे. तीत आदर्शवादाची (कोणाचेही अहित होऊ नये, ही भूमिका) १० आणि सापेक्षतावादाची (सर्वांना सर्वत्र लागू पडणारे नैतिक नियम नसतात, ही भूमिका) १० विधाने असून सहमती १ ते ९ या श्रेणीवर नोंदवायची असते.

अडचण वर्गीकरणाची आहे. दोन्ही मापांवर मध्यकाच्या आधारे उच्च व निम्न गट पाडून चार प्रकार करण्याची प्रथा आहे, परंतु कोणालाही इजा होता कामा नये, अशा आशयाच्या विधानांना जवळजवळ सर्वांनीच भरघोस सहमती दिल्यामुळे (रुग्णसेवेच्या क्षेत्रात वेगळे काय अपेक्षित होते म्हणा!) मध्यकच इतका वर सरकला आहे की त्याखालच्या मुलींना ‘कमी आदर्शवादी’ ठरवणे मला पटत नाही. गट न पाडता दोन्ही गुण सलग चल (म्हणजे जसेच्या तसे आकडे) म्हणून घ्यावेत आणि त्यांची आंतरक्रिया, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलतो का, हे बहुचल प्रतिगमनात (अनेक चलांचा परिणाम एकत्र तपासणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) तपासावे, असे माझे मत आहे; मार्गदर्शकांचा कल मात्र चार प्रकारांकडेच आहे.

शिवाय सर्व विधाने एकाच दिशेची असल्याने केवळ ‘हो’ म्हणण्याची सवय गुणांत कितपत मिसळली असेल, हे कसे तपासावे? सामाजिक स्वीकारार्हतेसाठी (लोकांना बरे वाटेल असे उत्तर देण्याचा कल मोजण्यासाठी) मार्लो–क्राउन यांची ३३ विधानांची मापनश्रेणी आहे, पण आता ती जोडणे शक्य नाही. हाती असलेल्या उत्तरांवरूनच काही करता येत असल्यास जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे; कोणी ही प्रश्नावली मराठीत वापरली असल्यास तिची विश्वसनीयता किती आली, तेही कळवावे.