घरी बनवलेल्या स्मोकरला उष्णता कशाची द्यावी?

प्रश्न

२०० लिटरच्या लोखंडी पिंपाचा उभा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस मंद शिजवायची भट्टी, केला आहे. पिंप खाद्यतेलाचे होते. आत लाकडांचा मोठा जाळ करून रंग नि अस्तर जाळून टाकले, मग तारेच्या ब्रशने घासले. तळाशी १००० वॉटची हॉट प्लेट, तिच्यावर ढलप्यांचा डबा, त्याच्यावर पाण्याची परात आणि परातीच्या वीतभर वर जाळी. झाकणाला धूर जायला नळी.

पारा ९० अंशांच्या वर सरकतच नाही. गेल्या रविवारी डुकराच्या खांद्याचा अडीच किलोचा तुकडा सकाळी सातला लावला. दुपारी चारलाही त्याच्या मधोमध ६६ अंशच. घरचे जेवायचे थांबले होते, शेवटी तुकडे करून कुकरला लावला. धूरही तासभर येतो, मग ढलप्या नुसत्या काळ्या पडून राहतात.

जास्त वॉटची प्लेट घ्यावी, गॅसचा बर्नर लावावा की कोळशावर जावे? रात्रभर जागायची तयारी आहे, पण दर दहा मिनिटांनी झाकण उघडायचे नाही. वडिलांचे दात गेलेत. बोटाने सुटेल इतके मऊ मांसच त्यांना खाता येते. त्यांच्यासाठीच हे सगळे चालू आहे.

प्रतिसाद १

आधी परातीतले पाणी काढा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. तासाला अर्धा लिटर जरी उडत असेल, तरी तुमच्या १००० वॉटमधले तीनशेहून जास्त तिथेच खर्ची पडतात. उघड्या पत्र्याच्या पिंपाला ११० अंशांवर ठेवायलाच साधारण हजार वॉट लागतील, वारा असेल तर अधिक. म्हणजे तुमची प्लेट बिघडलेली नाही, तिच्यावर बोजा जास्त आहे. परातीत पाण्याऐवजी कोरडी वाळू भरा आणि वर फॉइल लावा. थेट आच अडेल, तापमानही स्थिर राहील.

ढलप्या काळ्या पडल्या म्हणजे त्यांचा कोळसा झाला. त्यांत धूर उरलेलाच नाही, नव्या घालायला हव्यात.

६६ अंशांवर अडकण्याचे कारण मात्र वेगळे. मांसातून पाणी सुटते, त्याच्या बाष्पीभवनाने मांस थंड होत राहते. मोठा तुकडा साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काही तास थांबतोच. तिथे फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, पारा चढू लागेल. वडिलांसाठी मऊ हवे तर ९० ते ९५ अंशांपर्यंत न्या. त्याआधी तंतू जोडून धरणारे कोलॅजन पुरेसे विरघळत नाही.

मोठी प्लेट घेतलीत तर तिच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर राहू नका. तो प्लेटचे तापमान बघतो, पिंपाचे नाही. जाळीजवळ सेन्सर आणि बाहेर कंट्रोलर हवा. प्लेटची वीज चालू-बंद करायला सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरलात तर मेन स्विच हाताशी ठेवा. हा रिले बिघडला की बहुतेकदा चालू अवस्थेतच अडकतो.

प्रतिसाद २

पिंप आहे, रात्र जागायची तयारी आहे, मग कोळसाच. विजेवर मांस शिजते, पण जळणाऱ्या कोळशातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड तिथे नसते, म्हणून कापल्यावर कडेला ती गुलाबी पट्टी येत नाही.

जाड जाळीची टोपली करा आणि राख खाली पडावी म्हणून तिला पाच सेंटिमीटरचे पाय द्या. टोपलीच्या तळापासून मांसाच्या जाळीपर्यंत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. पिंपाच्या तळाजवळ पाऊण इंची तीन-चार भोके पाडून त्यांना झडपा बसवा.

टोपलीत तीन किलो न पेटवलेला लोणारी कोळसा भरा, मध्ये लाकडाचे चार-पाच मुठीएवढे तुकडे पेरा आणि वर फक्त दहा-बारा रसरशीत निखारे ठेवा. आग वरून खाली हळूहळू उतरते. घाई करून सगळा कोळसा एकदम पेटवलात तर दीडशेच्या पुढे गेलेले पिंप खाली आणता आणता जीव जातो! १०० अंशांना पोहोचतानाच झडपा आवळायला लागा. वरची नळी मात्र कायम पूर्ण उघडी. ती बंद केली की धूर आत कोंडतो आणि मांसावर कडू थर बसतो. नळीतून पांढरे लोट येत असतील तोवर मांस लावूच नका, धूर पातळ निळसर होऊ द्या.

लाकूड फळझाडाचे, नीट वाळलेले घ्या. चीड, देवदार अशी राळेची लाकडे नकोत.

प्रतिसाद ३

गॅसबद्दल थोडे. मोठा भट्टीचा बर्नर लावू नका, तो बारीक करता येत नाही आणि केला तर वाऱ्याने विझतो. विझल्यावर गॅस तळाशी साठतो, कारण तो हवेपेक्षा जड असतो. म्हणून ज्योत गेली की गॅस आपोआप बंद करणारी झडप आणि पिंपाच्या अगदी तळाला भोके, ही दोन्ही नसतील तर गॅस नको.

कोळसा घ्याल तर पिंप उघड्यावरच. दार उघडे ठेवलेली गॅरेजही चालणार नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टोपली जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीची करू नका, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

प्रश्नकर्ता

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. आधी फक्त वाळू भरून बघितले, प्लेट १०४ पर्यंत गेली. संध्याकाळी वारा सुटला आणि ९२ वर आली, म्हणून टोपली करायला घेतली.

काल पहाटे पाचला कोळसा लावला. दोन झडपा बंद, एक अर्धी उघडी: ११५ ते १२२ मध्ये राहिले. सहाव्या तासाला ६८ वर अडकले तेव्हा गुंडाळले. त्यानंतर झाकण थेट अकराव्या तासाला उघडले. मधोमध ९४ होते आणि हाड हाताने ओढताच सुटून आले. टोपलीत दोन ओंजळी कोळसा शिल्लक होता.

वडिलांनी दोनदा मागून घेतले. पुढच्या वेळी कोंबडी लावायची आहे. ती ७४ अंशांना काढायची हे माहीत आहे, पण १२० च्या आचेवर साल चिवट राहते असे वाचले. झडपा जास्त उघडून १५० वर चालवली तर याच टोपलीत जमेल ना?