मदत हवी आहे: बाबांची गोल्फ सहल, नोव्हेंबरअखेर. थायलंड, श्रीलंका की मॉरिशस?

नमस्कार मंडळी,

बाबा लष्करातून निवृत्त झाल्यावर आम्ही साताऱ्यात घर केलं. सैन्यात असताना लागलेली गोल्फची गोडी मात्र सुटली नाही. साताऱ्यात अठरा होलचा कोर्स (चेंडू घालायचे अठरा खळगे असलेलं पूर्ण मैदान) नाही, म्हणून ते आणि त्यांचे तीन मित्र (तिघेही माजी सैनिकच) अंधारात घर सोडतात, खंबाटकीचा बोगदा ओलांडतात आणि उजाडेपर्यंत पुण्यात पहिल्या टीवर (खेळ सुरू करायच्या जागी) उभे असतात. यंदा बाबांना सत्तर पूर्ण होतील. चौघांची एकदा परदेशात खेळायची इच्छा आहे आणि ठिकाण शोधायचं काम माझ्याकडे आलंय. बाबांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही, त्यामुळे हे मला मनापासून नीट करायचंय.

आता अडचणी सांगते, कारण त्यावरच सगळं ठरणार आहे.

पहिली, बाबांचा उजवा गुडघा. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, पण उतार टाळा. पुण्यात येरवड्याला खेळून आले की ठीक असतात. बावधनच्या बाजूला डोंगरउतारावर खेळले की रात्री गुडघ्याला शेकाची पिशवी लागते. म्हणजे बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) हवीच.

दुसरी, महिना. आई माळकरी आहे, कार्तिकी वारी झाल्याशिवाय ती कुठेही येणार नाही. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा त्यानंतर. आई आणि एक काकू खेळत नाहीत. चौघं कोर्सवर असताना त्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवायचं नाही, हा माझा हट्ट आहे. आणि आईला कांदा-लसूण चालत नाही.

तिसरी, पैसा. सगळे पेन्शनवर आहेत. आठवडाभरात चार राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होलचा पूर्ण खेळ), बाकी दिवस फिरणं, असा बेत आहे.

बाबांच्या मनात खरं तर स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज होतं. मी चौकशी केली. नोव्हेंबरअखेर तिथे दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि हिवाळ्यात तिथल्या ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर (टी आणि होलमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) गवत राखण्यासाठी छोटी चटई टाकून तिच्यावरून चेंडू मारावा लागतो. शिवाय टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बहुतेकांना लॉटरीतून मिळते आणि रविवारी कोर्स खेळासाठी बंद. इतक्या लांब जाऊन चटईवरून खेळायचं म्हटल्यावर बाबांनीच नको म्हटलं. व्हिएतनामचं दा नांगही सुचवलं गेलं. समुद्रकाठी ग्रेग नॉर्मन, कॉलिन माँटगोमेरी या नामवंत गोल्फपटूंनी आखलेले कोर्स आहेत, होइ आनसारखं जुनं गाव जवळ आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथला ऐन पावसाचा आणि वादळांचा काळ. त्यामुळे तेही वगळलं.

उरले तीन: थायलंडचं हुआ हिन, श्रीलंका, मॉरिशस. तिथे प्रत्यक्ष खेळून आलेल्यांनी सांगावं. ट्रॅव्हलवाल्यांचे फोटो पाहून माझं समाधान होत नाही.

मिरजकर:
ताई, मी हुआ हिनला खेळलोय. बँकॉकहून गाडीने साधारण तीन तास. तिथला रॉयल हुआ हिन हा थायलंडमधला पहिला अठरा होलचा कोर्स, 1924 चा, एका स्कॉटिश रेल्वे इंजिनियरने आखलेला, आणि रेल्वे स्टेशनला अगदी लागून. जुनी मोठी झाडं आहेत, तुमच्या बाबांना आवडेल. शिवाय ब्लॅक माउंटन आणि बन्यन हे कोर्स आहेत, पण बन्यनला चढउतार आहेत.

गुडघ्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा. बग्गी मिळते का, एवढंच विचारू नका. फेअरवेवर नेता येते का, ते विचारा. पाऊस होऊन जमीन ओली असली की बग्गी फक्त डांबरी वाटेवर ठेवायला सांगतात. मग चेंडू पलीकडे पडला की तिथपर्यंत चालत जायचं, क्लब (चेंडू मारायची काठी) बदलायला परत यायचं. अठरा होलमध्ये एवढं चालणं होतं की बग्गी घेऊन उपयोग नाही. आणि हुआ हिनला पावसाचा जोर ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतो. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा धरा, जमीन वाळलेली असेल.

थायलंडमधल्या बहुतेक कोर्सवर प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र कॅडी (क्लबची पिशवी सांभाळणारी मदतनीस) घ्यावीच लागते. बहुतेक बायकाच असतात आणि ग्रीनवरचा (होलभोवतीच्या बारीक गवताच्या जागेवरचा) उतार फार अचूक सांगतात. ग्रीन फी (कोर्सवर खेळायचं शुल्क), कॅडी फी, बग्गी आणि टिप हे चार वेगळे खर्च आहेत. भाव सांगणाऱ्याला यातलं काय धरलंय ते लिहून मागा. टिप रोख, साधारण 300 ते 500 बात (थाई चलन).

कँडीच्या वाटेवर:
श्रीलंकेबद्दल. कोर्स मोजके पण सुंदर. कोलंबोच्या रॉयल कोलंबोमधून चक्क रेल्वेलाइन जाते. कँडीजवळ दिगनाचा व्हिक्टोरिया हा कोर्स धरणाच्या पाण्याकाठी आहे. नुवारा एलियाचा कोर्स ब्रिटिश चहामळेवाल्यांच्या काळातला, सहा हजार फुटांच्या आसपास, महाबळेश्वरहून बराच उंच आणि गार. खर्च कमी, मुंबईहून कोलंबो अडीच तास. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर ढगफुटीसारखा पाऊस येतो, आणि व्हिक्टोरिया, नुवारा एलिया दोन्हीकडे उतार आहेत. मिरजकरांनी सांगितलेली ओल्या जमिनीची अडचण इथे जास्त. श्रीलंकेला जायचं तर फेब्रुवारीत जा, यंदाच्या तुमच्या तारखांना नको.

शनिवारवाडा:
मॉरिशसचं कुणी बोललंच नाही! हवामान पाहिलं तर नोव्हेंबरअखेर तिघांत तेच सरस: कोरडे महिने नुकतेच सरत असतात आणि चक्रीवादळांचा जोर साधारण जानेवारीपासून असतो. ईल ओ सेर्फचा कोर्स बेटावर आहे, बोटीने जावं लागतं, गोल्फपटू बर्नहार्ड लांगरने आखलेला. चेंडू भरपूर न्या, पाण्यात जातात. अनाहिता हा दुसरा कोर्स गोल्फपटू एर्नी एल्सने आखलेला. काही रिसॉर्टमध्ये मुक्काम केला की ग्रीन फी लागत नाही, पण मुक्कामच महाग. आईंसाठी मात्र याला तोड नाही. गंगा तलाव, शंकराची प्रचंड मूर्ती, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असलेला देश, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसं. जेवणाचीही चिंता नाही. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास.

मी (धागाकर्ती):
मिरजकरदादा, ओल्या जमिनीची गोष्ट मला एकाही माहितीपत्रकात सापडली नव्हती. मी आज बाबांना वाचून दाखवली. ते लगेच म्हणाले, पुण्यातही पावसाळ्यात हेच होतं, तेव्हाच गुडघा दुखतो.

श्रीलंका यंदा रद्द. आईला मॉरिशस फार आवडलं, पण रिसॉर्टचे भाव चौघांच्या पेन्शनला जड जातात, आणि एका काकांना सहा तास बसून राहणं जमत नाही. तारखा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकवायला आई तयार झाली. मार्गशीर्षातला एक गुरुवार तिकडे येईल, तर पूजा हॉटेलवर मांडू म्हणाली. म्हणून आता हुआ हिनकडे कल आहे.

तिथल्या शाकाहाराबद्दल कुणी सांगेल का?

मिरजकर:
साध्या शाकाहारी म्हणून दिलेल्या भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. 'जे' जेवण मागा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं. त्यात मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नसतो. आईंना निर्धास्त जेवता येईल. आई-काकूंसाठी सकाळचा समुद्रकिनारा, रेल्वे स्टेशनवरचा जुना राजेशाही लाकडी मंडप आणि संध्याकाळी रात्रबाजार.

मी:
हे तर आईला लगेच सांगते! मग हुआ हिन पक्कं. शेवटचे दोन प्रश्न: चार राउंडसाठी स्वतःचे क्लब विमानातून न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत? बाबांचा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) जुना आहे आणि ते दुसऱ्याच्या क्लबने खेळायला तयार नाहीत. न्यायचेच असतील तर कडक पेटी घ्यावी की जाड कापडी कव्हर पुरेल? आणि ब्लॅक माउंटनला डिसेंबरमध्ये बग्गी फेअरवेवर नेऊ देतात का, हे अलीकडे जाऊन आलेल्या कुणी सांगितलं तर मी लगेच बुकिंग करीन.