जुनो, अलास्का : जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

आई-बाबा पुढच्या जूनमध्ये नाशिकहून आमच्याकडे सिएटलला येताहेत. बाबांना ग्लेशियर जवळून बघायचंय म्हणून जुनो ठरवतोय. अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ताच जात नाही, विमान नाहीतर बोट, आणि पाऊस म्हणे वर्षभर. आईचे गुडघे दुखतात. किती दिवस ठेवू, काय टाळू, सविस्तर लिहा प्लीज.

* * *

आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेलेलो, तीन दिवस. हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर उतरायचं बुकिंग मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलेलं आणि नेमके त्याच दिवशी ढग इतके खाली आले की उडालंच नाही, संध्याकाळी परतीची फ्लाईट, दुसरी संधी नाही. पैसे परत मिळाले पण मुलगा विमानतळावर रडला ते अजून आठवतं. उडायचं काहीही असेल ते पहिल्या दिवशी टाका, म्हणजे रद्द झालं तरी पुढचे दिवस हाताशी राहतात. निदान चार रात्री धरा.

* * *

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे चार महिन्यांत जेवढा पडतो त्याच्या निम्माच तिथे अख्ख्या वर्षात, विमानतळावरचा आकडा दीडशे सेंटीमीटरच्या थोडा वर. पण आपला पाऊस कोसळतो आणि उघडतो, तिथली रिपरिप दिवसभर चालते आणि गार असते, उन्हाळ्यातही १२-१३ डिग्री. डोंगराच्या कुशीतल्या डाउनटाउनला विमानतळापेक्षा बराच जास्त पडतो. जीन्स अजिबात नेऊ नका, एकदा भिजली की वाळत नाही. छत्रीपेक्षा चांगलं जॅकेट, पावसाळी पँट आणि रबरी बूट घ्या, तिथली माणसं बूट घालूनच ऑफिसला जातात. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात जास्त पाऊस, त्यामुळे जून बरोबर निवडलात.

* * *

क्रूझने न्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी बघा. सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कारण परदेशी जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मध्ये परदेशातलं एक बंदर घ्यावंच लागतं, १८८६ चा कायदा आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्या आई-बाबांना कॅनडाचाही व्हिसा लागतो, आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री हवा. माझ्या सासूबाईंना याच कारणाने बंदरावरून परत यावं लागलं, त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

* * *

ताई, हे खरंच माहीत नव्हतं. मग विमानानेच जाऊ, अडीच तासांचं तर आहे.

* * *

आम्ही मात्र फेरी बोटीने गेलो, सिएटलच्या उत्तरेला असलेल्या बेलिंगहॅमहून, तीन रात्री बोटीवर. लोक डेकवर तंबू ठोकून झोपतात! जुनोचा धक्का गावापासून २० किलोमीटरवर आहे, टॅक्सी आधी सांगून ठेवा. पण गुडघ्यांचा त्रास असेल तर नको.

* * *

ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी लिहितेय, माझी बहीण जुनोतल्या मेंडेनहॉल ग्लेशियरच्या व्हॅलीत राहते. वर डोंगरात साठलेलं पाणी ग्लेशियरखालून एकदम सुटतं आणि नदी घरांत शिरते, २०११ पासून हे सुरू झालंय, २०२३ आणि २०२४ ला तर मोठे पूर आले. नदीकाठी हॉटेल किंवा घर घेताना पुराच्या सूचना नक्की बघा.

* * *

बाबांसाठी सांगतो. मेंडेनहॉल ग्लेशियर जुनो गावापासून साधारण २० किलोमीटर, सिटी बस दोनेक किलोमीटर आधीच सोडते, म्हणून टॅक्सी करा. व्हिजिटर सेंटरपासून फोटो पॉइंटची वाट छोटी आणि सपाट आहे, आईंना जमेल. नगेट धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन तीन किलोमीटर, तेही फार चढाचं नाही. माझे वडील ७४ चे होते, आम्ही गेलो तेव्हा पाऊस आणि समोर नुसतं पांढरं धुकं, मी म्हटलं बाबा उद्या येऊ, ते म्हणाले थांब जरा. दीड तास थांबलो. मग दहा मिनिटं ढग वर सरकले आणि बर्फ दिसला तो निळा, कडक उन्हापेक्षा ढगाळ उजेडात तो जास्त निळा दिसतो. बाबा टोपी काढून उभे राहिले, पावसातच.